गाडीतल्या रेडिओची वर्गणी

मैत्रिणींनो, रेडिओ ऐकायला दरमहा पैसे मोजायचे, ही कल्पना तुम्हांला कशी वाटते? मला तर आधी हसूच आले.

त्याचे असे झाले. आमच्या ह्यांची भाड्याची गाडी आहे. चिखलीहून कधी शेगाव, कधी छत्रपती संभाजीनगर, आणि आठवड्यातून एकदा तरी नागपूर. प्रवासी सोडून परतताना एकटेच असतात, रात्र होते. दिवाळीत अमेरिकेतल्या लेकीचा फोन आला तेव्हा मी तिच्याशी ही काळजी बोलले. ती लगेच म्हणाली, "आई, बाबांच्या गाडीत सॅटेलाइट रेडिओ घ्या ना! माझ्या गाडीत आहे. शेकडो मैल गेलं तरी गाणं तुटत नाही. वर्गणी भरली की झालं."

सासूबाई शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "रेडिओले पैसे? मंग लायसन परत सुरू झालं काय बाप्पा?"

त्यांचे बोलणे अगदीच वावगे नव्हते. ज्यांचे केस पिकलेत त्यांना आठवत असेल, १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरच्या रेडिओचे लायसन असायचे. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पुस्तकात नोंद करून घ्यायची. तेव्हा रेडिओसाठी पैसे मोजणे आपल्याला नवे नाही. प्रश्न एवढाच, की पैसे टाकून हाती काय लागते?

मी चौकशी केली. अमेरिकेत सिरियस आणि एक्सएम अशा दोन कंपन्यांनी २००१-०२च्या सुमारास हा रेडिओ सुरू केला. २००८ साली दोन्ही एक झाल्या. कार्यक्रम उपग्रहावर पाठवतात आणि तिथून तो थेट गाडीच्या अँटेनावर उतरतो. एफ.एम.चे केंद्र ठराविक टापूपुरते. गाव मागे पडले की खरखर सुरू. उपग्रह मात्र अख्ख्या देशावर नजर ठेवून असतो. जिथे तासन्‌तास वस्ती लागत नाही तिथे त्याचे मोल आहे, हे मलाही पटले.

पण तो रेडिओ आपल्याकडे मिळतच नाही. आपल्याकडे एक होता, वर्ल्डस्पेस. त्याचा एशियास्टार हा उपग्रह २००० साली सोडला होता. ए. आर. रहमान त्याच्या जाहिरातीत असायचे. अँटेना उपग्रहाच्या दिशेने धरून एका जागी ठेवावी लागे, म्हणजे तो घरात बसून ऐकायचा. धावत्या गाडीत त्याचा उपयोग नव्हता. पुढे २००८ साली अमेरिकेतल्या मूळ कंपनीने दिवाळे जाहीर केले, आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा बंद झाली. घरोघरचे संच मुके झाले. म्हणून पहिली गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा: अशी कोणतीही वर्गणी सवलतीच्या मोहाने वर्षाची एकदम भरू नका. महिन्याची भरा.

आता आपल्या हाताशी काय आहे? मोबाइलवरची गाण्यांची वर्गणी. महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये पडतात. मी वहीत हिशेब मांडला. ह्यांची महिन्यातली गाडीवरची वेळ शंभर तासांच्या घरात, म्हणजे तासाला रुपया-सव्वा रुपया. तेवढ्यात जाहिराती टळतात. मुख्य म्हणजे घरी बसून गाणी फोनमध्ये उतरवून ठेवता येतात. राजूर घाटात रेंज गेली तरी गाणे चालूच. पण ज्यांचे यजमान गाडीने रोज फक्त ऑफिसपर्यंत जातात, त्यांना हा खर्च कशाला? आकाशवाणीचे ॲप फुकट आहे, विविध भारतीही त्यावर लागते.

हिशेब जमला. महिन्याचे पैसे भरले. मीच हौसेने जुनी नाट्यगीते आणि भावगीते निवडून दिली. मला वाटले, आता काळजी मिटली.

आणि मग एका पहाटे हे नागपूरहून आले. समृद्धी महामार्गाने, मेहकरला उतरून. चहाचा कप हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "अगं, कारंजा कधी मागे गेलं ते मला आठवतच नाही. गाणी मोठ्याने चालू होती. एकदम मेहकरची पाटी दिसली."

माझ्या पोटात गोळा आला. ह्याच महामार्गावर, आपल्याच जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. ती बातमी ऐकली त्या दिवशी आपल्या भागात कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी गाणी विकत घेतली होती, पण मनात समजत होते की ह्यांची जाग विकत घेतली. गाण्याने कंटाळा जातो, झोप जात नाही. सरळ, मोकळा, एकसारखा रस्ता असला की डोळे उघडे राहूनही गुंगी येते. आवाज वाढवला, काच खाली केली, तर चार घटका बरे वाटते, एवढेच. झोपेला उतारा झोपच.

आता आमच्या घरचे नियम ठरले आहेत. लांबच्या खेपेआधी दुपारी दोन तास झोप. तेव्हा घरात कुकरची शिट्टीसुद्धा वाजवायची नाही. वाटेत दर दोन तासांनी उतरायचे. डोळा जड झालाच, तर थांब्यावर गाडी सुरक्षित उभी करून आधी चहा घ्यायचा आणि मग पंधरा-वीस मिनिटे पडायचे, कारण चहाचा अंमल चढायला अर्धा तास लागतो. पहाटे दोन ते पाच गाडी चालवायची नाही. त्या वेळेची एखादी खेप हातची गेली तर गेली. महिन्याला त्याचे काही हजार कमी येतात. मी किराणा आणि साडीखात्यात ते भागवते, आणि कुरकुर करत नाही.

वर्गणी बंद केली का? नाही. शंभर रुपयांत एकटेपणा हलका होतो, तेही थोडे नाही. फक्त तिच्याकडून आता तेवढेच मागते.

परवा रात्री दोनला फोन वाजला. "मालेगावच्या अलीकडे थांब्यावर थांबलोय. उजाडलं की निघतो. तू झोप," हे म्हणाले. सासूबाईंनी अंथरुणातूनच विचारले, "थांबला का?" "थांबले," मी म्हटले. मग आम्ही दोघीही झोपलो.