मावशीची गोळ्यांची डबी

गेल्या आठवड्यात डहाणूहून मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, चिकूला भाव नाही, गुडघे दुखतात वगैरे. मग एकदम म्हणाली, "एक विचारू का गं? तुझा चमत्कारांवर विश्वास उरलाय की नाही?" मी हो म्हणाले. "मग सभेला का येत नाहीस?" याचं उत्तर काही मला फोनवर देता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले. मावशी, तू वाचशीलच. राग आला तर आधी चहा घे, मग फोन कर.

आमच्या घरात ख्रिस्ती धर्म आला तो दवाखान्याच्या दारातून. अमेरिकेतल्या ब्रेदरन मंडळीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डहाणूत काम सुरू केलं, पुढे दवाखाना उभा केला. (1970 साली ही मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली.) आजोबा कंपाउंडर. प्रार्थना करायची आणि क्विनाईनही द्यायचं, यात त्यांना कधी विरोध दिसला नाही. देव बरं करतो, बाटली आपण हलवायची, असं ते म्हणायचे.

सभा हा प्रकार आमच्याकडे नंतर आला. तलासरीकडच्या पाड्यांवर, संध्याकाळी, बल्बच्या उजेडात ताडपत्रीखाली. ढोलकी, टाळ्या, साक्षी. सुरुवातीला मला ते आवडायचंसुद्धा, खोटं कशाला बोलू. तिथे बोलणाऱ्या बायकांना दुसरीकडे कुठे कोणी माइक दिला असता?

त्यातल्या एका वारली बाईची साक्ष मी विसरू शकत नाही. पाड्यात कोणाचं मूल आजारी पडलं, भगताने सुपात तांदूळ पाहिले आणि बोट हिच्याकडे वळलं. भुताळी. वारल्यांमध्ये हा शब्द एकदा बाईला चिकटला की विहिरीवर, लग्नात, शेतात, सगळीकडे तो तिच्या आधी पोचतो. 2013 पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण कायदा काही रात्री झोपडीबाहेर उभा राहत नाही. ती म्हणाली, आधी मला वाटायचं, मी खरंच तशी असेन, मलाच माहीत नसेल. प्रार्थनेला यायला लागले आणि ते वाटणं गेलं. बस्स. तिचा कुठलाच रोग बरा झाला नव्हता. मला विचाराल तर मी पाहिलेला सगळ्यात मोठा चमत्कार हाच.

आता दुसरी गोष्ट, जी आपण घरात बोलत नाही.

माझ्या मावसभावाला लहानपणापासून फिट्स येतात. गोळ्या चालू होत्या, ठीक चाललं होतं. एका सभेत बाहेरून आलेल्या प्रचारकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, तू बरा झालास, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास. गोळ्या बंद. सात आठवडे काहीही झालं नाही. तेवढ्यात त्याची साक्षसुद्धा झाली, टाळ्या पडल्या. (फिट न येता आठवडे जाऊ शकतात, आणि औषध एकदम थांबवलं तर ती जोरात परत येऊ शकते, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. विचारलं कोणी नाही. मीही नाही.) मग एका सकाळी तो चुलीपाशी पडला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

तो प्रचारक पुन्हा दिसला नाही. त्याचा मला राग आहेच, पण त्याहून जास्त लागलं ते मावशीचं वाक्य. दवाखान्याच्या बाकावर बसून ती म्हणाली, "माझाच विश्वास कमी पडला."

मावशी, त्या रात्री मी शुभवर्तमान काढून बसले होते. फिट येणाऱ्या मुलाची गोष्ट त्यात आहेच. तोही विस्तवात पडतो, पाण्यात पडतो, मत्तयाने स्पष्ट लिहिलंय. शिष्यांना तो बरा करता येत नाही. बाप येशूला रडकुंडीला येऊन सांगतो की माझा विश्वास अर्धामुर्धाच आहे, त्यालाही मदत कर. आणि मुलगा बरा होतो! विश्वास कमी म्हणून बोलणी बसतात ती शिष्यांना, बरं करायला निघालेल्यांना. बापाला कोणी परत पाठवत नाही. इतकी वर्षं शब्बाथ शाळेत ऐकलेली गोष्ट, पण कोण कोणाला रागावतं इकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

पौलाचंही तसंच. त्याच्या हातून एवढी कृत्यं झाली, पण तीमथ्याच्या पोटासाठी तो थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्रफिमाला तर आजारीच मागे ठेवून पुढे जातो.

म्हणजे मी सामर्थ्य वगैरे मानत नाही असं नाही हं. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जूनमध्ये जे झालं, मुली रात्र रात्र प्रार्थना करत होत्या, रडत होत्या, ते मला खोटं वाटत नाही. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटच्या आधीचं वर्ष ते. पण मला रमाबाई आवडतात त्या पुढच्या गोष्टीसाठी. एवढा अग्नी उतरला तरी त्यांनी शाळा, शेती, छापखाना बंद केला नाही. हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर मरेपर्यंत करत राहिल्या.

2018 च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपत होते. एका प्रार्थनेत कोणीतरी जाहीर केलं, आजपासून धरणी शांत. दुसऱ्या रात्री पुन्हा हादरलं. कोणी काही बोललं नाही. पण त्याच लोकांनी शेजारच्या म्हातारीला, जी महालक्ष्मीची भक्त, उचलून आपल्या तंबूत आणलं होतं. हे साक्षीत कोणी सांगितलं नाही, त्यात सांगण्यासारखं काय, असं त्यांना वाटलं असणार.

हल्ली रात्री नऊ वाजता मावशी स्टीलची डबी उघडते, गोळी तळहातावर घेते, डोळे मिटून प्रार्थना करते आणि मग भावाला देते. तो डाव्या हाताने घेतो. सभेत हे ती अजून बोललेली नाही.

मी पुढच्या शनिवारी येतेय, मावशी. सभेलाही येईन. माइक आला तर डबीचं तू सांगणार की मी सांगू?