तरसाली ते कवांट : दादांच्या वाटेने

होळीच्या आदल्या दिवशी, तरसाली

यंदाची होळी बडोद्यात करायची नाही, हे मागच्या पावसाळ्यातच ठरलं होतं. दादा श्रावणात गेले. निरोप आला तोवर गावाकडचं सगळं उरकलं होतं. त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, "आता नका येऊ, होळीला या. तेव्हा सगळे घरी असतात." छोटा उदेपूरकडची निम्मी तरणी माणसं बारा महिने बडोदा-सुरतेच्या बांधकामांवर असतात. दिवाळीला ती गावी जातील न जातील, होळीला मात्र जातातच.

दादांचं नाव इथे घालत नाही. तरुणपणी त्यांनी जे केलं तो आज गुन्हा आहे आणि छापून यायची त्यांना हौस नव्हती. बडोद्याच्या तरसालीतल्या जुन्या लोकांना 'कमठावाले दादा' एवढं पुरे. रिंग रोडच्या अंगाला सोसायट्या उठत होत्या तेव्हा ते एका साइटवर रखवालदार होते. जमातीने राठवा, अंगाने काटक, बोलायला कमी. संध्याकाळी मजूर पांगले की सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून ती भिंतीला टेकवत आणि तीस-चाळीस पावलांवरून बोथट बाण मारत बसत. आम्ही दोघे-तिघे आधी बघे होतो, मग चेले झालो.

पहिले कित्येक दिवस त्यांनी आम्हाला बाण दिलाच नाही. नुसता कमठा ताणायचा आणि हलकेच परत आणायचा. रिकामी दोरी सोडली तर मात्र ओरडत, कारण बाण नसताना दोरी सुटली की सगळा झटका बांबूच खातो. "बाण जातो नंतर. आधी तू उभा राहा," एवढाच धडा. आमच्यातला एकजण कंटाळून निघून गेला. त्याला त्यांनी थांबवलंही नाही.

दुपारी कामासाठी जुन्या शहरात गेलो, तेव्हा जुम्मादादा व्यायाम मंदिरावरून आलो. हा आखाडा १८८० सालचा. जुम्मादादांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी पुढे तो नावारूपाला आणला. लाठी, लेझीम, मल्लखांब, जंबिया आणि शिवाय मोडलेली हाडं बसवणं. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० या काळात इथेच माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. नाव देशभर माणिकरावांचं झालं, पाटीवर मात्र गुरूचं राहिलं. गुरू मुसलमान, शिष्य मराठी हिंदू. बडोद्याने त्याचं कधी कौतुक केलं नाही आणि त्यात वावगंही मानलं नाही. आमच्या दादांच्या नावाची पाटी लागण्यासारखी जागाच नाही. ती साइट आता चार मजली फ्लॅट झाली आहे आणि गोणीच्या जागी स्कूटर उभ्या असतात.

होळी, तेजगढ आणि पुढे

सकाळी प्रतापनगरहून गाडी. बायकोने थेपले आणि दाण्याची चटणी बांधून दिली होती. भाचा बरोबर आहे. कॉलेजात आहे, हातात मोबाइल आणि डोक्यात ऑलिंपिक. डभोई आलं तशी त्याला सांगितलं की देशातली पहिली नॅरो गेज इथलीच, गायकवाडांची, १८६२ची, आणि सुरुवातीला ती बैल ओढत असत. तो म्हणाला, "मामा, मग ती बैलगाडीच ना?" उत्तर सुचलं नाही.

बोडेलीनंतर मुलूख बदलतो. कपाशी आणि केळी मागे पडतात. ओरसंगचं वाळूचं पात्र, मोहाची झाडं, आणि या दिवसांत पळस. गुजरातीत केसुडो. त्याची फुलं पाण्यात उकळून होळीचा रंग करतात. तेजगढला उतरलो. इथे आदिवासी अकादमी आहे. मूळचे भोरचे, बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे गणेश देवी यांनी नोकरी सोडून ती उभी केली. बोलीभाषांसाठी इतकं काम करणारा दुसरा मराठी माणूस मला तरी ठाऊक नाही. आम्हाला मुक्कामाला गावी पोहोचायचं होतं म्हणून तासाभरात निघालो. ही जागा वेगळ्या सवडीने पाहण्याची आहे.

गावाचं नावही देत नाही. तेजगढ-कवांटच्या दरम्यान, टेकडीच्या कुशीत विखुरलेली घरं, दोन घरांत एकेक शेत. दादांच्या घराच्या आतल्या भिंतीवर पिठोरा आहे. पिठोरा देवाच्या लग्नाची ती घोड्यांची वरात बडोद्याच्या हॉटेलांतूनही लावतात, पण इथे ती नवसाची, देवाची. घोड्यांच्या मधल्या जागेत हत्ती, विहीर, ताडी काढणारा, आणि एका कोपऱ्यात धनुष्य ताणलेला माणूस. मी दादांच्या मुलाला विचारलं, "हे दादा का?" तो हसला. "दरेक घरात असतो तो."

रात्री होळी पेटली. ढोल पहाटेपर्यंत थांबला नाही. आम्ही मध्यरात्रीच आडवे झालो.

धुळवड, गावात

आज दिवस सगळा दादांचा. सकाळी त्यांचा धाकटा भाऊ कमठा करायला बसला, मुद्दाम आमच्यासाठी. मराठीत ज्याला मानवेल म्हणतात तो भरीव बांबू. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडला तर कीड लागत नाही, असं सगळेच इथे मानतात आणि दादाही मानत. कोयत्याने फाडून, मग सुरीने मधला भाग जाड ठेवत टोकांकडे निमुळता करत न्यायचा. थोडं तासायचं, गुडघ्यावर वाकवून बघायचं, परत तासायचं. कुठे जास्त वाकतो ते डोळ्यांपेक्षा अंगठा आधी सांगतो. दोरी सुताची नाही, तीही बांबूचीच. सालीची पातळ लांब पट्टी, दोन्ही टोकांना दोऱ्याचे फास. भाच्याला ते पटेना. बांबूला बांबू कसा पेलेल? दादांच्या भावाने ताणून हातात दिलं. त्याला अर्ध्यावरच घाम फुटला. त्याच्या धनुर्विद्येच्या क्लबातल्या धनुष्यावर दर्शक आहे, भार कमी-जास्त करायचे स्क्रू आहेत. इथे भार एकदाच ठरतो, सुरी खाली ठेवताना.

बाणाला सरळ बोरू, मागे पिसं दोऱ्याने आवळलेली, पुढे लोहाराने ठोकलेलं पातं. पाखरासाठी पातं नसे, लाकडाचा बोथट गड्डा असे, म्हणजे पाखरू फाटत नाही. माशासाठी वेगळा, रानडुकरासाठी वेगळा. हे सगळं दादांनी तरसालीत मातीवर काडीने काढून दाखवलं होतं. मारायला लावलं मात्र कायम गोणीवरच.

शिकार त्यांनी सोडली ती कायद्याने. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्याबद्दल त्यांची तक्रार फार नव्हती. ते म्हणत, जनावर कायद्याच्या आधीच गेलं, जंगल तुटलं तेव्हा. हे मला रास्त वाटतं. या भागातला साग बांबूच्या बाणांनी गेला नाही. त्यांचा स्वतःचा एक कायदा होता: उन्हं कलल्यावर बाण सोडायचा नाही. कारण घायाळ जनावराचा माग अंधारात लागत नाही, आणि माग न काढता घरी येणारा शिकारी नव्हे, चोर. एकदा चितळाचा माग काढत ते दुसऱ्या दिवशी दुपारी परतले होते, उपाशी. ही गोष्ट आज त्यांच्या भावाने सांगितली. दादांनी आम्हाला कधीच सांगितली नव्हती.

दुपारी टेकडीवर गेलो. पूर्वेला छोटा उदेपूर. बडोद्याच्या रोखाने निघालेल्या तात्या टोप्यांना इंग्रज ब्रिगेडिअर पार्कने १ डिसेंबर १८५८ रोजी तिथेच गाठलं आणि हरवलं. तात्या बडोद्यात पोहोचले असते तर गायकवाड काय करते, यावर आमच्या आजोबांच्या ओट्यावर रात्र रात्र वाद चालत. भाच्याला त्यात रस नव्हता. त्याला एकलव्याबद्दल विचारायचं होतं.

"मामा, हे लोक अंगठा वापरतच नाहीत?"

नाही वापरत. तर्जनी आणि मधल्या बोटाने दोरी ओढतात, बाण त्यांच्यामध्ये. एकलव्याच्या मानासाठी अंगठा लावत नाही, असं भिल्लांबद्दल सांगतात. मला ही कथा आवडते, पण तिच्यावर फार भार टाकवत नाही. युरोपातही बोटांनीच ओढत. अंगठ्याची पद्धत मंगोल, तुर्क, मोगलांची, त्यांच्या अंगठ्यांत जेडच्या कड्या असत. आदिपर्वात मात्र एक गोष्ट आहे जी कीर्तनकार सहसा सांगत नाहीत: अंगठा दिल्यावरही एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण मारत राहिला, फक्त पूर्वीची चपळाई राहिली नाही. म्हणजे द्रोणांनी घेतलं ते फक्त वेगापुरतं.

दादांना मी एकदा हे सांगितलं होतं. ते म्हणाले, "शिकवलं नाही त्याने फी कशी मागितली?" त्यांनी आमच्याकडून कधी पैसे घेतले नाहीत. दिवाळीला विडीचं बंडल आणि एकदा कांबळं, तेवढंच.

उलटं उदाहरण दूरचं आहे. कॅलिफोर्नियात १९११ साली 'याही' नावाच्या आदिवासी जमातीतला शेवटचा माणूस रानातून गावात आला. त्याने स्वतःचं नाव कोणाला सांगितलं नाही, लोक त्याला इशी म्हणत. विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवलं. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि शिकार करायला शिकले. इशी अंगठ्याने ओढे, पोप बोटांनी. इशी बोटांचं चुंबन घेऊन सशाच्या पिलासारखा आवाज काढी आणि ससे धावत येत. तो १९१६ मध्ये क्षयाने गेला, त्याला तपासणारे डॉक्टर पोपच होते. १९२३ साली पोप यांचं पुस्तक आलं आणि अमेरिकेतल्या साध्या धनुष्याच्या शिकारीचं वेड तिथून वाढलं. तिथले हजारो हौशी शिकारी आजही इशीला मानतात. शहरी शिकलेल्या माणसाने जंगलातल्या माणसाला उघड गुरू म्हटलं, म्हणून हे झालं. आपल्याकडे द्रोण शिष्याला ओळखत नाहीत, आणि आपण गुरूला.

संध्याकाळी दादांच्या अंगणात गोणी टांगली. भावाने पहिला बाण मुलाला मारायला लावला, दुसरा मला. लागला, पण कडेला. कोणी काही बोललं नाही. मग गावातली पोरं जमली आणि काळोख पडेपर्यंत आम्हाला कमठा परत मिळाला नाही.

होळीनंतरचा तिसरा दिवस, कवांट

आज गेरचा मेळा. कवांटला पाय ठेवायला जागा नाही. उघड्या अंगावर राखेचे पांढरे ठिपके, डोक्यावर बांबूचे आणि मोरपिसांचे उंच टोप, कमरेला दुधीभोपळे आणि मोठे घुंगरू, हातात तीरकमठे. ढोल, पिहा आणि टोळ्यांचा नाच. फोटो काढणाऱ्यांची टोळी नाचणाऱ्यांपेक्षा मोठी होती. एका टोळीला कुणीतरी "जरा धनुष्य ताणा ना" म्हणून सांगत होता, आणि ती पोरं बिचारी बाण न लावता ताणून सोडून देत होती. दादा असते तर ओरडले असते. फोटोवाल्यावर.

कडेला एक म्हातारा बाण विकत बसला होता. भाच्याने घासाघीस सुरू केली. मी त्याला बाजूला घेतलं. म्हाताऱ्याने पैसे घेण्याआधी त्याला दोन पावलं मागे उभं करून हाताची लांबी पाहिली आणि लांब बोरूचे बाण वेगळे काढून दिले. दुकानात एवढं कोण बघतं?

परतीच्या जीपमध्ये भाचा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की 'इंडियन राउंड'ची स्पर्धा बांबूच्याच धनुष्याने होते, तीस आणि पन्नास मीटरवर, आणि ती त्याच्या क्लबात कोणी शिकवत नाही. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर दादांना त्या मैदानावर नेलं असतं.

म्हणून बडोद्यातल्या आणि महाराष्ट्रातल्याही धनुर्विद्येच्या क्लबांना एवढीच विनंती: नंदुरबार, धडगाव, कवांट, नसवाडी, या पट्ट्यातल्या गावांत अजून असे म्हातारे आहेत. त्यांना सत्काराला बोलवू नका, शिकवायला बोलवा, आणि कोचला देता तेवढं मानधन द्या.