थांबणारी साथ

निर्गमाच्या २८व्या अध्यायात अहरोनाच्या याजकीय वस्त्राचे वर्णन आहे. झग्याच्या घेराला डाळिंबांच्या आकृती आणि त्यांच्यामध्ये सोन्याची घुंगरे. याजक पवित्रस्थानात जाईल-येईल तेव्हा त्यांचा नाद ऐकू यावा, अशी आज्ञा होती. अंगावर ल्यालेल्या वस्तूने चालीचा नाद करावा, ही कल्पना एवढी पुरातन! आपल्याकडे तर ती दारोदार आहे. कथक नर्तकीच्या एकेका पायात १०० हून अधिक घुंगरे असतात. वासुदेवाच्या पायांत चाळ. आणि लेझीम तर नाचणाऱ्याच्या हातीच वाजते.

पाश्चात्त्यांनी ही वाट पुढे नेली. १९३२ साली लिओन तेरेमिन यांनी न्यूयॉर्कमध्ये असा मंच दाखविला, की त्यावर नर्तकीचे शरीर वर-खाली होताच स्वर चढे-उतरे. पुढे १९८९ साली अमेरिकेत मार्क कोनिग्लिओ यांनी ‘मिडीडान्सर’ सिद्ध केले आणि डॉन स्टोपिएलो ते अंगावर लेवून नाचल्या. कोपर, गुडघा अशा सांध्यांवरचे संवेदक सांधा किती वाकला ते मोजतात; ते माप बिनतारी संगणकाकडे जाते आणि तो त्याबरहुकूम संगीत बदलतो. घुंगराचा आवाज एकच. येथे मात्र हात उचलला तर बासरी, गुडघा वाकविला तर मृदंग, असे हवे ते योजता येते. हालचाल टिपणारे संवेदक आज खिशातल्या मोबाइलमध्येही असतात.

हे आम्ही वाचतो ते बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडसारख्या गावी. येथे नाताळ साजरा करणारी घरे मोजकी, पण मुलांचा नाच ठरलेला. पूर्वी साथीला डफडे असे. एके वर्षी नाचणाऱ्यांत पोलिओने डावा पाय अधू झालेली एक मुलगी होती. गिरकी पुरी करण्यास तिला इतरांहून अधिक वेळ लागे. डफडेवाले काका (ते ख्रिस्ती नव्हते, पण आगमनकाळ लागला की आपणहून चौकशीला येत) तिच्या पावलाकडे पाहत आणि ते भुईला टेकेपर्यंत शेवटचा ठोका राखून ठेवीत. बाकीची मुलेही मग थांबायला शिकली.

पुढे कॅसेट आली. ध्वनिमुद्रित गाणे कोणासाठी थांबत नाही. तिच्या वाट्याला कागदी तारा हाती धरून कडेला उभे राहणे आले. ती काही बोलली नाही.

म्हणून संवेदकांची ही विद्या आम्हांस निव्वळ हौस वाटत नाही. तिच्यामुळे संगीत पुन्हा पावलाची वाट पाहू शकते, आणि तेही न कंटाळता. अशा मुलीच्या गुडघ्याला संवेदक बांधला तर गाणे तिच्या गिरकीच्या मागून येईल. मात्र गुडघा किती अंश वाकला हे त्याला कळेल. तिने ओठ घट्ट आवळले आहेत, हे कळणार नाही. काकांना ते दिसत असे. ठोका देताना ते मान डोलवीत, आणि ती हसे.

काका आता थकले. डफडे नातवाकडे आहे. तो वरातींत वाजवितो. यंदा आगमनकाळापूर्वी त्याला विचारावे, असे आमच्या मनात आहे.