आवाजाची हमी

मराठीच्या प्राध्यापकाला मोटारीच्या वॉरंटीचे पुस्तक सहसा कोणी वाचायला देत नाही. मला ते गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत धाकट्या भावाने दिले. तो अमेरिकेत, मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर एका लहान गावात राहतो. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी घरामागच्या जमिनीत राबतो. माती, लाकूड, कुंपणाची जाळी आणण्यासाठी त्याने सहा वर्षांच्या कर्जावर एक पिकअप घेतली आहे. "ताई, तू आयुष्यभर मजकूरच वाचत आलीस ना? मग हे वाच, आणि मला गाडीचा आवाज बदलता येईल का ते सांग," असे म्हणून त्याने ते पुस्तक माझ्यापुढे टाकले आणि स्वतः चहा टाकायला गेला.

माझी पहिली प्रतिक्रिया शिक्षिकेची होती, म्हणजे नापसंतीची. आमच्या महाविद्यालयाच्या फाटकासमोरून बुलेटला 'पंजाबी' सायलेन्सर लावून जाणारी मुले मी रोज पाहते. फटाक्यासारखा आवाज वर्गात शिरला की खंडकाव्याचा तास तिथेच संपतो. पोलिसांनी जप्त केलेल्या अशा सायलेन्सरांवरून रोड रोलर फिरवल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, तेव्हा मला थोडा आसुरी आनंद होतो, हेही कबूल करते. चाळिशीला टेकलेल्या भावाला हे खूळ सुचावे याचे नवल वाटले.

पण त्याचे म्हणणे निराळे होते. आमचे वडील एस.टी.त चालक होते. गाडी आगारात शिरताना तिच्याकडे न पाहता, केवळ आवाजावरून, ते तिचे दुखणे सांगत. इंजिन ऐकायचे असते, हा संस्कार आमच्या घरात शुभंकरोतीइतकाच जुना. भावाच्या पिकअपचे इंजिन सहा सिलिंडरचे, दोन टर्बोचार्जर असलेले. जळालेला वायू बाहेर पडताना आधी टर्बोचे चक्र फिरवतो. त्या श्रमात त्याचे ठोके बोथट होतात, आणि मग उरलासुरला आवाज मफलर गिळतो. (आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो त्याला अमेरिकन माणूस मफलर म्हणतो. आपल्याकडे थंडीत कानाला गुंडाळतात ते मफलर. गाडी बोलू नये म्हणून एक, आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून दुसरे!) मोटार कंपन्या केबिनमधल्या स्पीकरमधून इंजिनाचा आवाज वाजवतात, याविषयी 2015 साली 'वॉशिंग्टन पोस्ट'ने सविस्तर लिहिले होते, त्यात फोर्डच्या एफ-150 आणि मस्टँगचाही उल्लेख होता. भावाची गाडी कोणत्या कंपनीची ते इथे महत्त्वाचे नाही. त्याने तो लेख उशिरा वाचला, आपल्या गाडीची माहिती काढली, आणि चढावर आपल्याला जो दमदार घरघराट ऐकू येतो त्याचा बराचसा भाग दारातल्या स्पीकरमधून येतो, हे त्याला कळले. "ताई, गाडी माझ्याशी खोटं बोलते गं," तो म्हणाला. मी हसले. पण त्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

विक्रेत्याच्या दुरुस्ती विभागात त्याने चौकशी केली, तेव्हा खिडकीमागच्या माणसाने मान वर न करता सांगितले होते: मफलर बदललात की वॉरंटी व्हॉइड. आपल्या कायद्याच्या मराठीत याला 'रद्दबातल' असा भारदस्त जोडशब्द आहे. रद्द आणि बातल हे दोन्ही शब्द मूळ अरबी, दोन्हींचा रोख एकच. एकदा नाही म्हणून भागत नाही, तेव्हा भाषा दोनदा नाही म्हणते. खिडकीमागच्या माणसाच्या स्वरातही तोच दुहेरी नकार असावा, कारण भाऊ पुढे काही न विचारता परत आला होता.

मी पेन्सिल घेऊन पुस्तक वाचले. परीक्षेच्या उत्तरपत्रिका जितक्या बारकाईने वाचते, त्याहून अधिक बारकाईने वाचले. खिडकीतले वाक्य त्यात कुठेही सापडेना. पुस्तकात जे होते त्याचा मराठी आशय असा: बदलामुळे झालेल्या बिघाडाची जबाबदारी कंपनीवर नाही. खिडकी म्हणत होती 'बदल केल्यास'; पुस्तक म्हणत होते 'बदलामुळे'. सगळा वाद या एका शब्दयोगी अव्ययावर उभा होता. 'मुळे' आणि 'नंतर' यांत गल्लत करू नका, असे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना वीस वर्षे सांगत आले आहे. कावळा बसला आणि फांदी मोडली, ही तर आपली घरातली म्हण. तिच्यावर कोणाची काही हजार डॉलरची दुरुस्ती अवलंबून असेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

त्या 'मुळे'च्या पाठीशी अमेरिकेत एक कायदाही आहे. मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा, 1975. (त्यावर सही करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचे नाव फोर्ड होते, हा निव्वळ योगायोग.) ग्राहकाने दुसऱ्या कोणाचा सुटा भाग बसवला एवढ्यावरून कंपनीला हमी नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे तिने दाखवावे लागते. याच कायद्याने हमीच्या अटी साध्या, सहज समजणाऱ्या भाषेत लिहिण्याचे बंधन घातले आहे. भाषेच्या सुबोधतेवर संसदेने कायदा करावा, हे वाचून मला आपल्या विद्यापीठीय परिपत्रकांची आठवण झाली. असो. 2022 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हार्ले-डेव्हिडसनवर याच कायद्याखाली कारवाई केली, आणि इतरांचे भाग वापरल्याने हमी रद्द होत नाही असे ग्राहकांना स्पष्ट सांगायला लावले. गंमत अशी की याच हार्लेने 1994 मध्ये आपल्या इंजिनाचा आवाज ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केला होता, आणि 2000 मध्ये तो मागे घेतला.

कायदा समजला, तरी 'मुळे' कुठवर पोहोचू शकते हे पाहणे उरलेच होते. त्यासाठी भावाने मला गाडीखाली आडवे केले. इंजिनातून वायू निघतो, टर्बोतून जातो, मग धुरातले विषारी घटक कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून, आणि त्यानंतर मफलर व शेपटीची नळी. कन्व्हर्टरपर्यंतचा प्रांत सोवळ्यातला: त्याला हात लावणे संघराज्याच्या कायद्याने गुन्हा, आणि त्याच्यावर आठ वर्षे किंवा 80,000 मैलांची वेगळी सक्तीची हमी. त्याच्या मागचा भाग तेवढा बदलायचा. या जोडणीला तिकडे 'कॅट-बॅक' म्हणतात. ऑक्सिजन मोजणारे सेन्सर जागच्या जागी राहतात. इंजिनाच्या संगणकातल्या आकड्यांना तर मुळीच हात लावायचा नाही, कारण तिथल्या खुणा पुसल्या जात नाहीत, आणि मग टर्बो गेला तर 'मुळे' सिद्ध करणे कंपनीला सोपे होते. नव्या नळ्या वेल्डिंगने नव्हे, पट्ट्यांनी आवळलेल्या हव्यात, म्हणजे जुन्या परत बसवता येतात. त्या नव्या नळ्याच खडखडल्या, तर ते दुखणे ज्याने बनवल्या त्याचे.

आवाजाचेही शास्त्र आहे. मूळ मफलरमध्ये वायूला कप्प्याकप्प्यांतून फिरवतात. सरळ मफलरमध्ये भोकांची एकच नळी असते आणि तिच्याभोवती काचेचे तंतू; आवाज मोकळा होतो, पण महामार्गावर ठरावीक वेगाला केबिनमध्ये एक डोके उठवणारा गुणगुणाट सुरू होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणून एक बंद तोंडाची नळी बाजूला जोडतात. त्या सुरापुरती लाट तिच्यात शिरून उलटी परतते आणि मूळ लाटेला खाऊन टाकते. आठ सिलिंडरच्या इंजिनाचा तो प्रसिद्ध अडखळता गडगडाट मात्र सहा सिलिंडरला कोणत्याही नळीने येत नाही. तो ठोक्यांच्या क्रमातच असतो. भावाला त्याची खंत नव्हती. "दुसऱ्याचा आवाज नकोच आहे मला," तो म्हणाला.

खरा अडसर त्याच्या बायकोने घातला, आणि तो मला अजूनही बिनतोड वाटतो. ती म्हणाली, "ताई, कायदा आपल्या बाजूने आहे, मान्य. पण टर्बो गेला आणि ते 'नाही' म्हणाले, तर गाडी दारात उभी राहणार, हप्ता सुरू राहणार, आणि सिद्ध कोण करत बसणार?" जिंकणाऱ्या ग्राहकाला वकिलाचा खर्च मिळू शकतो, असे त्या कायद्यात आहे, मी तसे म्हणालेही. ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. कंपनीनेच मान्य केलेले, विक्रेत्याकडून बसवून घ्यायचे आणि तिच्याच हमीखाली येणारे एक्झॉस्टही काही गाड्यांना मिळते. ती वाट निर्धोक होती, पण त्याच्या गाडीसाठी सांगितलेली किंमत ऐकून तिघेही गप्प झालो.

शेवटी मी सुचवले ते माझ्या धंद्यातले: त्यांच्याकडून लेखी घे. आम्ही दोघांनी मिळून दुरुस्ती विभागाच्या व्यवस्थापकाला चार ओळींचे पत्र लिहिले. हा भाग बसवल्यास हमीतील कोणते कलम, कोणत्या कारणाने लागू होणार नाही, एवढेच विचारले. चार दिवसांनी उत्तर आले. त्यात 'व्हॉइड' नव्हते. त्या भागामुळे झालेले नुकसान हमीत येणार नाही, असे होते. म्हणजे पुस्तकातलेच वाक्य. बोलताना जी हमी रद्द होत होती, ती लिहिताना शाबूत राहिली. त्या पत्राची प्रत त्याच्या बायकोने छापून घेऊन फ्रिजच्या दारावर लावली, आणि शेजारच्या म्हाताऱ्याची झोपमोड झाली तर सगळे पुन्हा खोलायचे, अशी स्वतःची एक अट घातली.

मी परत आल्यावर सप्टेंबरात काम झाले. जुना मफलर आणि नळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पावतीसह, गॅरेजच्या माळ्यावर ठेवल्या आहेत. स्पीकरमधला आवाज त्याने बंद करून घेतला. त्या रविवारी त्याने व्हिडिओ कॉल लावला, फोन गाडीच्या मागे धरला आणि बायकोला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितले. शेपटीच्या नळीपाशी वाळकी पाने उडताना मला दिसली. आवाज काहीच आला नाही. फोनने तो गोंगाट समजून गाळून टाकला होता.

"आला का गं, ताई?" तो ओरडून विचारत होता.

"तुझा येतोय," मी म्हटले, "गाडीचा नाही."

मग त्याने तो रेकॉर्ड करून पाठवला. अकरा सेकंदांचा आहे. मी तो आईला ऐकवला. तिने डोळे मिटून ऐकला आणि विचारले, "चढावर आहे का रे गाडी?" गाडी अंगणात उभी होती, हे मी तिला सांगितले नाही.