साक्षीचा वर्तमानकाळ

मराठी ख्रिस्ती परिभाषेत चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. हा शब्द घरातून आलेला आहे. पंगतीला बसलेली ती मंडळी, लग्नाला निघालेली ती मंडळी. जुन्या पिढीतील नवरे बायकोचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असा करीत. शास्त्राच्या भाषांतरात हा शब्द रुळला, तेव्हा धर्मसंस्थेला घरपणाचे एक वचनच चिकटले. ते वचन कोणाकोणापर्यंत पोचते, हा प्रश्न समलिंगी श्रद्धावंताच्या संदर्भात विचारला की शब्द आणि व्यवहार यांतील अंतर उघडे पडते.

१९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः नवापूर तालुक्यात, हे अंतर अधिक जाचक ठरावे असे आहे. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासूनचे. मिशनच्या कामातून येथील आदिवासी समाजात जी मंडळी उभी राहिली, तिला आता काही पिढ्यांचा इतिहास आहे. पाड्यावरचे ख्रिस्ती कुटुंब जुन्या देवदेवस्कीपासून दूर झालेले असते. आजारपण, सोयरीक, मृत्यू या सर्व प्रसंगी त्याला मंडळीचाच आधार असतो. त्यात धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, ही मागणी अलीकडे जोर धरते आहे. बाहेरून दाब वाढला की समूह आतून आवळला जातो. अशा मंडळीत वाढलेल्या समलिंगी तरुणाची कल्पना करावी. त्याला मंडळी नाकारील, तर दुसरे दार ठोठावण्याची सोयच उरत नाही.

या मंडळीत ‘साक्ष’ देण्याची प्रथा आहे. विश्वासी उभा राहून आपले जीवन सर्वांसमोर सांगतो. तिची रचना ठरलेली असते: मी दारूत बुडालो होतो, प्रभूने मला काढले, मी तसा होतो, आता तसा नाही. साक्षीचे सारे बळ भूतकाळात असते. समलिंगी तरुणापाशी नेमका हा भूतकाळच नसतो. त्याचे वाक्य ‘मी असा आहे आणि माझा विश्वासही आहे’ असे वर्तमानकाळी आहे. ऐकणाऱ्यांना ते वाक्य अपुरे वाटते. ते पुरे करण्यासाठी ‘बदला’ची वाट पाहिली जाते, बदलासाठी प्रार्थना होतात. मग तो एकतर खोटी साक्ष देतो किंवा गप्प बसतो. दोन्हींत श्रद्धेचीच हानी असते.

कायद्याने हा पेच सुटलेला नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. त्यापूर्वी, डिसेंबर २०१३ मध्ये, ते कलम पुन्हा कायम झाले असता मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी समलिंगी व्यक्तींना आपले चर्च गुन्हेगार मानत नाही, असे स्पष्ट केले होते. तर काही ख्रिस्ती संघटना कलम टिकावे म्हणून न्यायालयात उभ्या होत्या. गुन्हेगार न मानणे आणि आपला मानणे यांत मोठी दरी आहे. व्यक्ती स्वीकारावी पण तिचे प्रेम नाकारावे, ही बहुतेक चर्चांची भूमिका त्या दरीवरच उभी आहे.

शास्त्राचा आधार घेतला जातो, तेव्हा भाषांतराचा प्रश्न टाळता येत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ज्या ग्रीक शब्दासाठी १९४६ च्या इंग्रजी नव्या करारात ‘समलिंगी’ या अर्थाची आधुनिक संज्ञा प्रथम आली, त्याच्या नेमक्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. उलट प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पाला वाटेवर भेटणारा हबशी षंढ आहे. तो समलिंगी होता, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु जुन्या नियमशास्त्राने सभेबाहेर ठेवलेला माणूस आहे तसाच पाण्यात उतरतो, ही घटना विसरण्याजोगी नाही.

मराठीत याहून जवळचा दाखला आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला दुरावा आला. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, त्या हिंदू म्हणूनच. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. मधल्या काळात एका छपराखाली दोन धर्म नांदले. ‘स्मृतिचित्रे’चे मोठेपण येथे आहे: मतैक्य होण्याआधी सहवास सुरू होतो आणि मनातील सोवळे सहवासातच गळून पडते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशन सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघांसाठी. उंबरठ्याची अट काढूनही ख्रिस्ताभोवती माणसे जमू शकतात, हा विचार मराठी ख्रिस्ती परंपरेत शंभर वर्षांमागे मांडला गेला आहे. तो बाहेरून आणावा लागत नाही.

हे साम्य फार ताणू नये. टिळकांनी धर्म निवडला होता. समलिंगी माणसाने आपला कल निवडलेला नसतो. म्हणूनच बदलाचा भार त्याच्या एकट्याच्या शिरावर टाकता येत नाही. लक्ष्मीबाई बदलल्या, कारण त्या घरात राहिल्या. येथे बदलावयाची आहे ती मंडळी, आणि तो तरुण घरात राहिला तरच तिला बदलण्याची संधी मिळेल. श्रद्धा आणि स्वत्व यांचा मेळ त्याच्या मनात कदाचित केव्हाच बसलेला असेल. त्याचे वर्तमानकाळी वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणारे चार विश्वासी लाभले, की ‘मंडळी’ या शब्दाला त्याचा जुना, घरगुती अर्थ परत मिळू लागेल.