मुंबई ते लंडन : माणसाचे अंतर, मालाचे अंतर

पूर्वी आपल्याकडे अंतर कोसात सांगत. पुढे मैल आले, मग किलोमीटर आले. पण माणूस मनात अंतर मोजतो ते वेळानेच.

मुंबई ते लंडन हे अंतर आकाशमार्गे सुमारे ७,२०० किलोमीटर. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. आजचे विमान कुठेही न उतरता साधारण दहा तासांत पोहोचते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. त्यामुळे दुपारी दोनला निघालेला माणूस तिथल्या संध्याकाळी साडेसहाला उतरतो. परत येताना वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ थोडा कमी लागतो.

हे झाले माणसाचे. आपल्या द्राक्षांचे अंतर वेगळे आहे. सुएझ कालव्यातून गेले तरी समुद्रमार्ग साडेअकरा हजार किलोमीटरच्या वर. आफ्रिकेला वळसा घातला तर जवळजवळ वीस हजार!

माझ्या ओळखीचे निफाड तालुक्यातले एक बागायतदार आहेत. २०२४ च्या जानेवारीत त्यांची मुलगी शिकायला लंडनला गेली. त्याच आठवड्यात त्यांची द्राक्षे न्हावाशेव्याहून निघाली. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला, "दादा, पोहोचले." द्राक्षांचा मात्र पत्ता नाही. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू असल्याने बहुतेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालत होती. दोन आठवडे जास्त लागणार होते. मालाचे पैसे तिकडे तपासणी झाल्यावर मिळायचे, आणि इकडे औषधांची उधारी व सोसायटीचे कर्ज दारात उभे.

"साहेब, पोरीची काळजी एका दिवसात मिटली, मालाची महिना झाला तरी मिटत नाही," असे ते मला म्हणाले. शेवटी माल पोहोचला. काही पेट्यांचे देठ तपकिरी पडले होते, तेवढी कपात झाली. पैसे उशिरा आले, पण आले.

बंधू-भगिनींनो, द्राक्षाचा घड वेलीवरून तोडला की तो पुढे पिकत नाही, गोडीही वाढत नाही. तो फक्त पाणी गमावतो, आणि देठ आधी सुकतो. म्हणून काढणी सकाळच्या गारव्यात करावी. भरलेले क्रेट उन्हात ठेवू नयेत. शक्य तितक्या लवकर माल प्रीकूलिंगला न्यावा. पुढे शून्य अंशाच्या आसपासची थंडी आणि पेटीतला गंधकाचा कागद हे आपले काम करतात. पण बांधावर गमावलेले पाणी त्यांना परत आणता येत नाही. वाट लांबली की पहिल्याच दिवशीची ही हयगय तिकडे पेटी उघडताना दिसते.

आणखी एक. निर्यातदाराशी व्यवहार करताना भावाबरोबरच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : जहाज कोणत्या मार्गाने जाणार, उशीर झाल्यास नुकसान कोणी सोसायचे, आणि पैसे किती दिवसांत मिळणार. उत्तर तोंडी न घेता कागदावर घ्यावे. समुद्रावर आपली सत्ता नाही. पण वेलीपासून शीतगृहापर्यंतची वाट आणि हा कागद, हे दोन्ही आपल्याच हातात आहे.