मैदान सुटल्यावर

रग्बीचा सामना आपल्या भागात मुद्दाम कोणी पाहत नाही. मी टीव्हीसमोर बसलो की घरचे विचारतात, "ही कसली झोंबाझोंबी?" मला मात्र ऐंशी मिनिटांच्या खेळापेक्षा त्यानंतरच्या गोष्टींचे कुतूहल जास्त. दिवसभर घाम गाळणारे, मोजूनमापून जेवणारे हे धिप्पाड गडी रात्री दारूपुढे कसे नमतात? कॉलेजच्या जिमखान्याचे काम माझ्याकडे असल्याने हा प्रश्न मला दूरचा वाटत नाही.

रग्बी युनियन हा खेळ १९९५ पर्यंत हौशी होता. सामना संपला की दोन्ही संघांनी मिळून बिअर प्यायची, ही जुनी रीत. १९९५ च्या ऑगस्टमध्ये खेळ व्यावसायिक झाला. पगार आले, आहारतज्ज्ञ आले. बिअरची रीत काही गेली नाही.

मग शिक्षा सुरू झाल्या. २०११ च्या विश्वचषकात इंग्लंडचे खेळाडू न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाउनच्या बारमध्ये रात्री रंगले. माइक टिंडलला २५ हजार पौंड दंड झाला; अपिलात तो १५ हजारांवर आला. २०१३ मध्ये डब्लिनच्या एका रात्रीपायी ऑस्ट्रेलियाच्या १५ खेळाडूंवर कारवाई झाली, त्यातले सहा जण एका कसोटीला मुकले. पण दंड होतो तो रात्र सरल्यावर. त्या रात्री हात धरणारे कोणी नसते, खरी अडचण तिथेच आहे.

न्यूझीलंडने हे ओळखले. २००४ मध्ये जोहान्सबर्गला ते दक्षिण आफ्रिकेकडून ४०-२६ असे हरले आणि त्या रात्री संघ बेसुमार प्यायला. प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री आणि वेन स्मिथ अस्वस्थ झाले. हे बदलणार नसेल तर आपण इथे राहणार नाही, इथवर स्मिथची तयारी होती. पुढे जाणत्या खेळाडूंचा एक गट नेमून वागणुकीची जबाबदारी त्यांच्यावर टाकली गेली. सामन्यानंतर ड्रेसिंग रूम झाडून काढायलाही मोठे खेळाडूच पुढे होऊ लागले. २०११ च्या विश्वचषकात कोरी जेन आणि इस्रायल डॅग उपांत्यपूर्व सामन्याच्या आदल्या दिवसांत पिताना दिसले, तेव्हा त्यांना सोबत्यांना तोंड द्यावे लागले. तो विश्वचषक न्यूझीलंडनेच जिंकला.

यात आपल्याला नवल वाटायला नको. मराठीत तालीम म्हणा की कानडीत गरडी मने, तिथे हेच चालत आले आहे. वस्तादाची नजर असतेच, पण पोरगा कुठे बसतो-उठतो हे त्याच्याआधी जोडीच्या पैलवानाला कळते.

तरीही सोबत्यांची नजर सगळ्यांना पुरतेच असे नाही. झॅक गिल्डफर्ड त्याच विश्वविजेत्या संघात होता. २००९ मध्ये टोकियोत २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि त्याचे वडील स्टेडियममध्येच हृदयविकाराने गेले. मुलगा तेव्हा २० वर्षांचा. विश्वचषक जिंकून महिनाही झाला नव्हता, तोच रारोटोंगा बेटावर नशेत, अंगावर कपडे नसताना, तो बारमध्ये शिरला आणि मारामारी केली. पुढे आपले दारूचे व्यसन त्याने जाहीरपणे मान्य केले. अशा मुलाला दंडाची पावती काय समजावणार? त्याच्या पिण्यामागे दुःख होते. तिथे उपचारच हवेत, आणि ते मागायला लाज वाटू नये असे वातावरण हवे.

दरवर्षी प्रवेशाच्या वेळी एखादी आई हळूच विचारते, "हुडुग केडंगिल्ल अल्ल, सर?" मुलगा खेळाच्या नादाने बिघडेल ही भीती खोटी नाही. माझे उत्तर ठरलेले आहे. खेळाने मुलगा बिघडत नाही; जिंकल्यानंतरच्या आणि हरल्यानंतरच्या रात्री तो कोणासोबत असतो, यावर बरेच ठरते. म्हणून आमच्या संघाचा कप्तान निवडताना मी आता धावा आणि गोल नंतर पाहतो. सामन्यानंतर सगळे घरी पोचले का, हे फोन करून विचारणारा मुलगा कोण, ते आधी पाहतो. असा एक जण प्रत्येक संघात असतो. त्याला ओळखून बळ देणे हे आम्हा शिक्षकांचे काम. मुलगा हरून घरी आला तर स्कोअर विचारण्याआधी त्याला जेवायला वाढणे, हे तुमचे.